दुधाचे दात पडणारच, म्हणून सोडून देऊ नका

‘दुधाचेच दात आहेत, पडून जातील’ हे उत्तर उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या वस्त्यांत आम्हाला घरोघरी मिळते. पण दुधाच्या दाढा मूल दहा-बारा वर्षांचे होईपर्यंत तोंडात असतात. त्या किडल्या की मूल जेवत नाही, रात्री ठणका लागतो, शाळा बुडते. शिवाय सहाव्या वर्षाच्या सुमारास सगळ्यांत मागे येणारी दाढ दुधाची नसते, कायमची असते. ती गेली की पुन्हा येत नाही.

दाताची कीड म्हणजे अळी नव्हे. तोंडातले जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि ते दाताचे कवच विरघळवते. दिवसभर थोडे थोडे चहा-बिस्कीट, चॉकलेट, झोपताना तोंडात दुधाची बाटली, यांमुळे कवचाला सावरायला वेळच मिळत नाही.

फ्लोराइड हे कवच बळकट करते. अमेरिकेतील ग्रँड रॅपिड्स शहरात १९४५ पासून ते नळाच्या पाण्यात मिसळतात. आपल्याकडे मिसळत नाहीत, म्हणून पेस्ट हाच आपला मार्ग. चंद्रपूर, यवतमाळच्या काही गावांत बोअरच्या पाण्यातील जादा फ्लोराइडने दात डागाळतात, हे खरे. पण ते पाणी रोज पोटात जाते, पेस्ट थुंकायची असते. म्हणून प्रमाण सांभाळा, पेस्ट टाळू नका.

घरी एवढे करा:
• पहिला दात दिसताच ब्रश सुरू करा. पेस्टवर ‘फ्लोराइड १००० पीपीएम’ लिहिलेले पाहा.
• तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, सहापर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट घ्या.
• सकाळी आणि झोपण्यापूर्वी ब्रश करा. सकाळी लोकलची घाई असते, निदान रात्री स्वतःच्या हाताने मुलाचे दात घासा. सात-आठ वर्षांपर्यंत मुलाला ते नीट जमत नाही.
• फेस थुंकायला सांगा, नंतर चुळा भरू नका.
• मुलांच्या हाती मशेरी देऊ नका. ती तंबाखूच आहे.

दातावर खडूसारखा पांढरा डाग दिसला तर ती किडीची सुरुवात असते. याच वेळी दंतवैद्याकडे गेलात तर फ्लोराइडचा लेप लावून दात वाचू शकतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि सरकारी शाळेत मुलांची तपासणी होते, त्यात दातांची कीडही येते. पथक कधी येणार ते ताईंना, बाईंना विचारा. तपासणी मोफत आहे आणि तो आपल्या मुलांचा हक्क आहे.