चुंबक आधी, टॉर्च नंतर

जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर बदलायचा झाला, तर कारागिराने खिशातून आधी चुंबक काढावं. कॉम्प्रेसरमधून निघालेल्या आखूड नळ्या दिसतात तांब्याच्या. कित्येकदा त्या असतात पोलादाच्या, वरून तांब्याचा पातळ मुलामा दिलेला. मागची काळी जाळी तर बहुधा पोलादाचीच. चुंबक चिकटलं की झाळायचा रॉड बदलावा लागतो, आणि इथेच निम्मं झाळकाम बिघडतं.

तांब्याला तांबं जोडायला फॉस्फरस-तांब्याचा रॉड उत्तम. नेहमीच्या एका प्रकारात सुमारे ७ टक्के फॉस्फरस, बाकी तांबं. तो ७१० अंश सेल्सिअसला वितळू लागतो आणि ७९० अंशांच्या आसपास पुरता पातळ होतो. तांबं १,०८५ अंशांपर्यंत टिकतं, म्हणजे हाताला पुरेशी सवड मिळते. तांब्यावरचा ऑक्साइड फॉस्फरसच ओढून घेतो, त्यामुळे फ्लक्सचा खर्च नाही. स्वस्त आणि सोपा, म्हणून तो पोलादावरही फिरवला जातो. तिथे फॉस्फरस लोखंडाशी संयोग पावून ठिसूळ थर बनवतो. सांधा चकचकीत दिसतो, गळतीच्या चाचणीतही पास होऊ शकतो. पुढे कॉम्प्रेसरच्या थरथरीने त्याला केसाएवढी भेग जाते. मग ‘गॅस संपला’ म्हणून पुन्हा गॅस भरला जातो. बंद नळ्यांतला गॅस वापरून संपत नसतो. तो गळतो.

पोलाद आलं की चांदीचा रॉड आणि फ्लक्स हवाच. ५६ टक्के चांदीचा रॉड ६५० अंशांच्या आसपास पाण्यासारखा धावतो. महाग पडतो खरा, पण एका सांध्याला लागतो कितीसा? फ्लक्सच्या जागी सोनाराचा टाकणखार वापरायचा मोह होतो. टाकणखार मात्र ७४० अंशांच्या पुढेच नीट वितळतो. तोवर चांदी कधीच वितळलेली असते. चांदीसाठी फ्लोराइडयुक्त पेस्ट घ्यावी. ती तापताना आधी फसफसते, मग पांढरी पडून सुकते आणि ६०० अंशांच्या सुमारास पारदर्शक होऊन पसरते. रॉड टेकवायची वेळ तीच. काम झाल्यावर उरलेला फ्लक्स गरम पाण्याने धुवावा, नाहीतर तोच सांध्याला खातो.

चांदीच्या काही जुन्या रॉडमध्ये २४ टक्क्यांपर्यंत कॅडमियम असे. असा रॉड ६२० अंशांच्या आतच वाहतो, म्हणून जुन्या कारागिरांचा लाडका. कॅडमियम ७६७ अंशांना उकळतं. ज्योत थोडी जास्त रेंगाळली की वाफ थेट फुप्फुसात. त्रास काही तासांनी सुरू होतो, तोवर माणूस घरी पोहोचलेला असतो. युरोपीय संघाने काही अपवाद ठेवून २०११ मध्ये अशा रॉडवर बंदी घातली. माझ्या मते आपल्याकडच्या दुकानदारांनीही तो फळीवर ठेवू नये.

टॉर्चचं म्हणाल तर पाव इंची नळीला ऑक्सिजन-अ‍ॅसिटिलिनची ३,१०० अंशांची ज्योत नवशिक्याच्या हाती जरा जास्तच. ऑक्सिजन-एलपीजी पुरतं; सुट्या जोडाला, वारा नसेल तर, नुसत्या गॅसची हातटॉर्चही चालते. ज्योत नळीवर फिरवायची, जाड बाजू आधी तापवायची. रॉड नळीच्या उष्णतेने वितळायला हवा, ज्योतीने नव्हे. दोन नळ्यांमधली फट मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी ठेवली, तर वितळलेला धातू आपसूक आत ओढला जातो.

झाळताना आतून नायट्रोजनची हलकी धार सोडायची असते; अनेक जण ती टाळतात. नायट्रोजन नसेल तर आत काळी खपली धरते, सुटून पुढे जाते आणि मिलिमीटरभरही भोक नसलेल्या कॅपिलरी नळीत अडकते. बाहेरून सुरेख दिसणारा सांधा करूनही फ्रिज थंड होत नाही, त्यामागे पुष्कळदा हीच खपली असते.

आणखी एक. फ्रिजच्या लेबलवर ‘आर-६००ए’ लिहिलेलं असेल, तर आत आयसोब्युटेन आहे, म्हणजे ज्वालाग्राही गॅस. त्या नळ्यांना ज्योत लावू देऊ नका. दाबून बसवायच्या कड्यांनी जोड करणारा कारागीर बोलवा.