दत्ताची तसबीर पश्चिम आफ्रिकेत कशी पोहोचली?

मलकापुरात एखाद्या घरात दत्ताची तसबीर दिसली तर कुणाला नवल वाटणार नाही. तीन शिरं, सहा हात, मागे गाय, पायाशी कुत्रे. पण हेच छापील चित्र घाना, टोगो आणि बेनिनमधल्या काही व्होडून देवस्थानांतही पुजलं जातं. तिथे या देवाचं नाव आहे ‘डेन्सू’. तो पाण्यातला, संपत्ती देणारा देव मानला जातो.

हे कसं घडलं?

पश्चिम आफ्रिकेत ‘मामी वाटा’ ही जलदेवता लोकप्रिय आहे. तिचा सर्वांत प्रसिद्ध चेहरा मात्र युरोपातून आला. १८८० च्या दशकात जर्मनीतल्या हॅम्बर्गमध्ये साप हाताळणाऱ्या एका बाईचं जाहिरातचित्र छापलं गेलं. ते समुद्रमार्गे आफ्रिकेत पोहोचलं आणि लोकांनी त्यात आपली देवता पाहिली. नायजेरियातल्या बॉनी इथे त्यावरून कोरलेल्या मुखवट्याचा १९०१ मधला फोटो उपलब्ध आहे.

पुढे या कथेत मुंबई आली. १९५५ मध्ये श्रीराम कॅलेंडर कंपनीने तेच चित्र पुन्हा छापलं आणि १२,००० प्रती घानातल्या कुमासीच्या व्यापाऱ्यांना पाठवल्या. भारतीय व्यापारी आणि हिंदी सिनेमांबरोबर देवांची कॅलेंडरंही तिकडे गेली.

मग ते आपलेच देव पुजतात का?

नाही. चित्र दत्ताचं असलं तरी पूजा डेन्सूची असते. ‘आफ्रिकेत दत्तभक्ती’ असं लिहिलेला फोटो फॉरवर्ड करण्याआधी हा फरक लक्षात घ्यायला हवा. भाविकांनी चित्रातल्या खुणा आपल्या श्रद्धेप्रमाणे वाचल्या. पाण्यातल्या कमळावर उभी, हातातून नाणी सांडणारी लक्ष्मी जलदेवतेच्या भक्तांना ओळखीची का वाटली असेल, हे समजणं अवघड नाही.

आजचे कलाकारही हा धागा पुढे नेतात. घानाचे चित्रकार जोसेफ कोसीवी आहिआतोर यांनी देवळांच्या भिंतींवर आणि कापडावर ‘इंडिया’च्या देवतांची चित्रं रंगवली. त्यांची ‘इंडिया’ म्हणजे नकाशावरचा देश नव्हे, तर समुद्रापलीकडचं देवतांचं जग.

आणि आपली तसबीर तरी निव्वळ आपली कुठे आहे? राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, तेव्हा यंत्रं आणि तंत्रज्ञ जर्मनीहून आले होते. देव्हाऱ्यातल्या रंगीत देवांनाही परदेशी शाई लागलेली आहे. म्हणून त्यांच्यावरची श्रद्धा कमी होत नाही. डेन्सूच्या भक्तांचंही तसंच आहे.