समुद्रकाठचा मनोरा: दिसतो कसा की परवडतो कसा?

समुद्रावर फिरायला गेलात आणि समोर १६२ मीटर उंच, सडपातळ मनोरा दिसला तर? इंग्लंडमधल्या ब्रायटन शहरात ऑगस्ट २०१६ मध्ये असाच मनोरा सुरू झाला. नाव ‘आय ३६०’. ‘लंडन आय’च्या आर्किटेक्टनीच तो घडवला आहे. काचेची गोल खोली पर्यटकांना हळूहळू १३८ मीटरपर्यंत वर नेते.

लोकांची मतं सुरुवातीपासूनच दोन टोकांची. काहींना तो डौलदार, आधुनिक वाटला, तर काहींच्या डोळ्यात खुपला. शेजारीच १८६६ सालच्या ‘वेस्ट पिअर’चा जळका सांगाडा उभा आहे. त्यामुळे जुन्या-नव्याची तुलना होणारच होती.

पण खरा प्रश्न पैशांचा निघाला. सुमारे ४.६ कोटी पौंड खर्चापैकी ३.६ कोटींचं कर्ज स्थानिक पालिकेने दिलं. अपेक्षेइतके पर्यटक आले नाहीत, हप्ते थकले आणि डिसेंबर २०२४ मध्ये मनोरा बंद पडला. पुढच्या वर्षी नव्या मालकाने तो पुन्हा सुरू केला, पण पालिकेचे सुमारे ५.१ कोटी पौंड बुडाले. जे कधी वर गेलेच नाहीत, त्या ब्रायटनकरांनाही याची झळ बसली.

दिसण्याबद्दलचं मत बदलू शकतं. १८८७ मध्ये पॅरिसच्या कलावंतांनी आयफेल टॉवरलाही विरोध केला होता. आज तोच पॅरिसची ओळख आहे. कर्ज मात्र कुणाला तरी फेडावंच लागतं. म्हणून तुमच्या शहरात असा प्रकल्प येणार असेल, तर ‘सुंदर दिसेल का?’ यासोबत हेही विचारा: पर्यटक आले नाहीत, तर पैसे कोण भरणार?