बर्फाचं पाणी: समज आणि वस्तुस्थिती

पाहुणे दारात आणि सरबताच्या बाटल्या कोमट! मग त्या नुसत्या बर्फात खुपसल्या जातात. पाणी घातलं तर गारवा कमी होईल, हा समज. खरं तर बर्फाचे खडे बाटलीला ठिकठिकाणीच टेकतात, मधे हवा राहते. पाणी ओतलं की ते सगळीकडून भिडतं आणि बाटली झटपट गार होते. वर मूठभर मीठ टाकलं तर पारा शून्याखाली जातो. जुन्या आइस्क्रीमच्या पॉटचं गुपित हेच.

एका पातेल्यात बर्फ आणि पाणी घेऊन ढवळत राहा, आत थर्मामीटर ठेवा. खडे निम्मे झाले तरी पारा शून्याशीच. एक ग्रॅम बर्फ वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात एक ग्रॅम पाणी शून्यापासून 80 अंशांपर्यंत तापतं. सगळा गारवा त्या वितळण्यात आहे.

बर्फाचं पाणी पिऊन वजन उतरतं? अर्धा लिटर पाणी शरीराच्या तापमानाला आणायला जेमतेम 18 किलोकॅलरी लागतात. अर्धी पोळी कमी खा, जास्त फायदा. जेवणावर गार पाणी प्यायल्यानं पोटात तूप थिजतं, हेही खोटं. पाणी पोटात गेलं की थोड्याच वेळात कोमट होतं. गार पाण्यानं सर्दीही होत नाही, ती विषाणूंमुळे होते. मात्र अर्धशिशीवाल्यांपैकी काहींचं डोकं गार पाण्यानं उठतं, त्यांनी जपावं.

भाजल्यावर आपण बर्फ चोळायला धावतो. तिथे तो नकोच, भाजलेल्या कातडीला आणखी इजा होते. नळाच्या साध्या गार पाण्याखाली 20 मिनिटं धरा. (टूथपेस्टही नको.) उष्माघातात मात्र नेमकं उलटं: अंग तापलंय, त्यावर एकदम गार पाणी कसं ओतायचं, म्हणून लोक बिचकतात. माणूस बरळत असेल, अंग भाजत असेल, तर 108 ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत थांबू नका. धडधाकट तरुणाला टबात गळ्यापर्यंत बर्फाच्या पाण्यात बसवणं हा सर्वांत वेगवान उपाय. डोकं मात्र कुणीतरी धरून ठेवायचं. टब नसेल किंवा माणूस वयस्कर असेल, तर अंगावर पाणी मारून पंखा लावा, काखेत आणि जांघेत बर्फाच्या पुरचुंड्या ठेवा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका.

राहिला गोळा. गोठल्यानं जंतू मरतात, असं समजू नका. बरेचसे तग धरतात आणि बर्फ वितळताच जागे होतात. मासळी टिकवायला वापरायचा बर्फ पिण्याच्या पाण्याचाच असेल असं नाही. म्हणून महाराष्ट्रात 2018 पासून अखाद्य बर्फात निळा रंग घालायचा नियम आहे. गाडीवरची लादी निळसर दिसली तर गोळा घेऊ नका.