टक्के लेबलावरचे आणि कॅनमधले

बाजारात लिक्विड क्लोरीन म्हणून मिळणारा फिकट पिवळसर द्रव म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचे पाण्यातले द्रावण. मोठ्या जलशुद्धीकरण केंद्रांत पोलादी सिलिंडरमधून येणारा, दाबाखाली द्रवरूप केलेला क्लोरीन वायू ही वेगळी वस्तू आहे. पोहण्याच्या तलावात, पाण्याच्या टाकीत आणि टँकरमध्ये टाकतात ते हे द्रावण. कारखान्यातून निघताना त्यात साधारण १० ते १२ टक्के उपलब्ध क्लोरीन असतो. ग्राहकाच्या हाती पडेपर्यंत त्यातला किती उरला, हे मात्र लेबल सांगत नाही.

बीड जिल्ह्यात हा प्रश्न पोहण्याच्या तलावांपेक्षा पिण्याच्या पाण्याशी अधिक जोडलेला आहे. बालाघाटच्या पट्ट्यातल्या आष्टी, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांत टंचाईच्या वर्षी टँकर सुरू होतात. २०१६ च्या उन्हाळ्यात केज तालुक्यातल्या धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले आणि त्यावर विसंबलेल्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. अशा काळात टँकर भरतो तो ज्या विहिरीला पाणी असेल तिथे. ते पाणी निर्धोक करायचे काम शेवटी क्लोरीनवरच येते. ग्रामपंचायती त्यासाठी मुख्यतः टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर वापरतात. ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो आणि नमुना २० टक्क्यांच्या खाली गेला की ती निकृष्ट धरली जाते. पावडरीचे नमुने प्रयोगशाळेत पाठवायची पद्धत गावोगाव ठाऊक आहे. लिक्विडच्या बाबतीत मात्र कॅनवरचा आकडा बहुतेक जण तसाच खरा मानतात. खरे तर लिक्विड अधिक बेभरवशाचे, कारण ते कॅनमध्ये नुसते पडून राहिले तरी विटत जाते.

हायपोक्लोराइटचे हळूहळू मीठ आणि क्लोरेट होते. या विघटनाला सर्वांत जास्त वेग देते ती उष्णता: तापमान १० अंशांनी वाढले की वेग तिप्पट ते चौपट होतो. हिवाळ्यात २० अंशांच्या खोलीत ठेवलेला कॅन आणि मे महिन्यात ४० अंशांच्या पत्र्याच्या शेडमधला कॅन यांत म्हणजे किमान नऊपटींचा फरक. द्रावण जितके तीव्र तितके ते लवकर उतरते. तेवढेच पाणी मिसळून निम्मे पातळ केले तर विघटनाचा वेग सुमारे चौथाईवर येतो. थेट ऊन क्लोरीनचा नाश करते. लोखंड, तांबे, निकेल यांचे अंश मिसळले तर प्राणवायू सुटतो आणि घट्ट बंद केलेला कॅन फुगतो. म्हणून चांगल्या मालाच्या झाकणाला वायू निसटण्याची सोय असते.

खरेदीच्या वेळी पहिली चौकशी भावाची होते. ती भरल्याच्या तारखेची व्हायला हवी. माल कारखान्यातून वितरकाकडे, तिथून दुकानात येतो आणि या प्रवासात उन्हात उभ्या राहिलेल्या ट्रकचे दिवसही धरावे लागतात. तारीख नसलेला किंवा दुकानाबाहेर उन्हात मांडलेला पारदर्शक कॅन स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. दुसरी गोष्ट टक्क्यांची. काही विक्रेते टक्के वजनावर सांगतात, काही आकारमानावर. या द्रावणाची घनता १.२ च्या आसपास असते, त्यामुळे वजनाचे १० टक्के आणि आकारमानाचे १२ टक्के हा जवळजवळ एकच माल. दोन दुकानांचे भाव ताडून पाहण्याआधी हे विचारले नाही तर स्वस्त वाटणारा कॅन प्रत्यक्षात महाग पडू शकतो. सोडियम हायपोक्लोराइटसाठी आयएस ११६७३ हे भारतीय मानक आहे. त्याचा उल्लेख लेबलावर आणि बिलावर असलेला बरा. गरजेपुरताच माल घ्यावा. चार महिन्यांचा साठा एकदम घेऊन वाचवलेले पैसे उन्हाळा परत घेतो.

ताकद तपासण्याचे दोन सर्रास उपाय फसवे आहेत. एक वासाचा. अर्धा उतरलेला मालही झणझणीत वास मारतो. दुसरा हायड्रोमीटरचा, म्हणजे घनता मोजण्याचा. क्लोरीन गेला तरी त्यातून झालेले मीठ द्रावणातच राहते, त्यामुळे घनता फारशी हलत नाही. मीठ मिसळून पातळ माल जड करणेही अवघड नाही.

अंदाजापुरती घरगुती तपासणी विरळ करून करता येते. त्यासाठी डिस्टिल्ड पाणी लागते. विहिरीचे पाणी स्वतःच थोडा क्लोरीन खाते. सिरिंजने कॅनमधले १ मिली द्रावण घेऊन ते पाण्यासह १ लिटर करायचे आणि नीट हलवायचे. त्यातले १० मिली घेऊन पुन्हा १ लिटर करायचे. या दुसऱ्या पाण्यातला क्लोरीन कंपॅरेटरवर, म्हणजे रंग पट्ट्यांशी ताडून पाहण्याच्या साधनावर मोजायचा. डीपीडी गोळीने पाणी गुलाबी होते, ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकांच्या ओळखीच्या ओटी (ऑर्थोटोल्युडिन) चाचणीत पिवळे. लिटरमागे १.२ मिलीग्रॅम आले तर त्याला १० ने गुणायचे: माल आकारमानाने १२ टक्क्यांचा. ०.६ आले तर निम्मी ताकद उडालेली. रंगाच्या पट्ट्या मोजक्याच असल्याने हे मोजमाप ढोबळ राहते. शिवाय १ मिलीत थेंबभर चूक झाली तर उत्तरही तेवढेच चुकते. तरी १२ आणि ६ यांतला फरक त्यात हमखास कळतो.

नेमके उत्तर प्रयोगशाळेतल्या आयोडिन पद्धतीने मिळते. १० मिली द्रावण १ लिटर करून त्यातले २५ मिली फ्लास्कमध्ये घेतात, त्यात पोटॅशियम आयोडाइड आणि ॲसिटिक आम्ल घालतात. जितका क्लोरीन, तितके आयोडिन मोकळे होते आणि पाणी तपकिरी दिसते. मग ब्युरेटमधून ०.१ नॉर्मल सोडियम थायोसल्फेट थेंबथेंब सोडतात. रंग फिका पिवळा झाला की स्टार्च घालतात; फ्लास्क गर्द निळा होतो आणि पुढच्या काही थेंबांनंतर एकाएकी स्वच्छ होतो. थायोसल्फेटचा १ मिली म्हणजे ३.५४६ मिलीग्रॅम क्लोरीन. या प्रमाणात साडेआठ मिली लागले तर ताकद १२ टक्के, सात मिली लागले तर जेमतेम १०. कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या कुठल्याही प्रयोगशाळेत हे सामान असते.

तपासणीतून आलेला आकडा डोसमध्ये उतरवावा लागतो. १२,००० लिटरच्या टँकरमध्ये लिटरमागे २ मिलीग्रॅम क्लोरीन टाकायचा तर २४ ग्रॅम हवा: १२ टक्के मालाचे २०० मिली, ६ टक्क्यांवर उतरलेल्या मालाचे ४००. ठरलेले एक माप ओतत राहणारा चालक उन्हाळाअखेर नकळत अर्धाच डोस देत असतो. गढूळ पाणी क्लोरीन अधिक खाते, म्हणून अर्ध्या तासाने उरलेला क्लोरीन मोजणे भाग आहे. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० मानकानुसार तो लिटरमागे किमान ०.२ मिलीग्रॅम उरला पाहिजे. पोहण्याच्या तलावात हिशोब तोच, पाणी मात्र उघड्यावर असते. भर दुपारी टाकलेला क्लोरीन काही तासांत बराचसा उन्हात जातो, म्हणून तो संध्याकाळी टाकतात. हायपोक्लोराइटने पाण्याचा पीएचही चढतो आणि तो ८ च्या वर गेला की तोच क्लोरीन निम्म्याहून कमी काम करतो.

कॅन सावलीत, हवा खेळती असलेल्या जागी, झाकण वरच्या बाजूला ठेवून साठवावेत आणि आधी आलेला आधी संपवावा. संडास धुण्याचे ॲसिड त्याच फळीवर कधीही ठेवू नये; दोन्ही मिसळले की विषारी क्लोरीन वायू निघतो. ओतताना हातमोजे आणि चष्मा हवा, आणि वापरलेले माप दुसऱ्या कामाला घेऊ नये. उतरलेला कॅन टाकून देण्याची गरज नसते. नवी ताकद आणि तारीख मार्करने कॅनवर लिहिली की वाढीव मापाने तो वापरता येतो. मात्र फार जुना झालेला माल पिण्याच्या पाण्याला नको, कारण डोस वाढवला की क्लोरेटही त्याच प्रमाणात वाढते. तो फरशी आणि गटारे धुण्यासाठी ठेवावा.