आल्बेर्तीनचे शब्द : बालबेकच्या मैत्रिणी आणि त्यांची भाषा

मैत्री केव्हा जुळली व केव्हा सैल झाली याची नोंद कोणी ठेवीत नाही. बोलण्याच्या सवयींत मात्र ती नकळत राहून जाते. मार्सेल प्रूस्त (१८७१–१९२२) या फ्रेंच कादंबरीकाराने या नोंदीचा जो उपयोग केला आहे, तो भाषेच्या अभ्यासकाने सावधपणे पाहण्याजोगा आहे. त्याच्या बृहत्कादंबरीचा दुसरा खंड १९१९ साली प्रसिद्ध झाला व त्याच वर्षी त्यास गोंकूर पारितोषिक मिळाले. त्यातील बालबेक हे समुद्रकाठचे गाव काल्पनिक आहे. परंतु त्याच्यामागे नॉर्मंडीतील काबूर उभे आहे. १९०७ ते १९१४ या काळातील उन्हाळे प्रूस्तने तेथील ग्रँड हॉटेलात घालविले होते.

बालबेकच्या किनाऱ्यावरून पाचसहा तरुणींचा एक कंपू येताना निवेदकास प्रथम दिसतो. एकीजवळ सायकल आहे, दोघींच्या हाती गोल्फच्या काठ्या आहेत. आणि एक तर खुर्चीवर बसलेल्या एका वृद्धाच्या डोक्यावरून उडी मारून जाते. कोणता चेहरा कोणाचा, हेही निवेदकास उमगत नाही. मात्र सायकलवालीच्या तोंडची बाजारी बोली त्याच्या कानी पडते आणि तेवढ्यावरून तो ठरवितो, की या मुली सायकलशर्यतींतील खेळाडूंच्या रखेल्या असाव्यात! प्रत्यक्षात त्या सधन व्यापारी-कारखानदार घराण्यांतल्या निघतात. ती बोली त्यांच्या घराण्यांची नव्हे, कंपूची होती.

पुढे एल्स्तीर या चित्रकाराकडे त्याच सायकलवालीशी, म्हणजे आल्बेर्तीनशी, त्याचा परिचय होतो. तेथे ‘अगदी’ या अर्थी ‘तू ता फे’ हा नेहमीचा प्रयोग सोडून ती ‘पारफेत्मां’ म्हणते, आणि एवढ्या एका शब्दाने त्याचे मत पालटते. ही मुलगी सुसंस्कृत घरातली आहे, असे त्यास वाटू लागते.

कंपूच्या आतही समतोल नाही. आंद्रे वयाने मोठी व श्रीमंत. आल्बेर्तीन पोरकी, मावशीच्या आश्रयास असलेली. जिझेलने परीक्षेत लिहिलेला निबंध (पाताळातून सोफोक्लीझने रासीनला पाठविलेले सांत्वनपर पत्र) आल्बेर्तीन सर्वांना मोठ्या कौतुकाने वाचून दाखविते. आंद्रे शांतपणे त्यातील उणिवा दाखविते आणि तेच पत्र कसे लिहावयास हवे होते ते सांगते. आल्बेर्तीनचे कौतुक तत्क्षणी जिझेलकडून आंद्रेकडे वळते. कोणी भांडले नाही, कोणी रुसले नाही. पण कोणाच्या भाषेला मान द्यावयाचा हे बदलले, आणि तेवढ्याने मैत्रीची मांडणीही बदलली. संपूर्ण खंडात याहून सूक्ष्म प्रसंग क्वचितच सापडेल.

१९२१ साली प्रसिद्ध झालेल्या भागात आल्बेर्तीन पॅरिसमध्ये निवेदकास भेटावयास येते. आता तिच्या तोंडी ‘आ माँ सांस’ (‘माझ्या मते’) यांसारखे प्रौढ प्रयोग आहेत, आणि पिएर लोतीच्या १८८७ च्या कादंबरीने फ्रेंचमध्ये रूढ केलेला ‘मूस्मे’ हा जपानी शब्दही आहे. बालबेकला हे शब्द नव्हते. ते ज्यांच्याकडून आले अशी माणसे मधल्या काळात तिला भेटली असली पाहिजेत, हे निवेदक ताडतो. आपल्याकडेही सासरहून आलेल्या मुलीच्या बोलण्यात पहिला परका शब्द आला, की जुन्या मैत्रिणींचे कान टवकारतात. तर्काची जात तीच.

हा तर्क कितपत टिकतो? लेस्ली मिल्रॉय यांनी बेलफास्टच्या कामगारवस्त्यांचा अभ्यास १९८० साली प्रसिद्ध केला. क्लोनर्ड वस्तीतील तरुण स्त्रियांचे परस्परसंबंध विलक्षण घट्ट होते, आणि एका स्वराचा विशिष्ट स्थानिक उच्चार त्यांच्यात तेथील तरुण पुरुषांपेक्षाही अधिक आढळला. संगतीचा ठसा वाणीवर उमटतो, एवढे यावरून मान्य करावे लागते. परंतु निवेदकास त्यापुढे जावयाचे असते. संगत होती एवढे त्यास पुरत नाही. ती कोणाची होती व कशा प्रकारची होती, हे त्यास शब्दांतूनच काढून घ्यावयाचे आहे. किनाऱ्यावरील पहिली चूक तो वेगळ्या रूपाने पुन्हा करीत आहे.

आल्बेर्तीनच्या मृत्यूनंतरच्या, १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या खंडात तो आंद्रेलाच विचारतो. तिचे आणि आल्बेर्तीनचे संबंध काय होते? आंद्रे प्रथम साफ नाकारते. काही काळाने तीच कबूल करते. दोन्ही वेळी ती सारख्याच सहजतेने बोलते, आणि निवेदकाचा तरबेज कान या दोहोंतील खरे कोणते ते निवडू शकत नाही.