मुकादमाविना वाटणी



परभणीच्या आकाशवाणीने कोणत्या लहरीवर बोलायचे, हे सरकार नेमून देते. दुकानातल्या वायफायच्या पेटीवर मात्र असा मुकादम नाही. 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात आपल्या देशात 2005 पासून परवाना लागत नाही. या पट्ट्यात एकमेकींवर न चढणाऱ्या वाटा जेमतेम तीन : 1, 6 आणि 11. शेजारच्या दोन पेट्यांनी एकच वाट धरली, की दोघींना थांबत थांबत बोलावे लागते आणि दोघींचेही काम मंदावते.

गणिती हा प्रश्न रंगांच्या भाषेत मांडतात. प्रत्येक पेटी हा एक ठिपका. ज्या दोघींना एकमेकींचा आवाज पोचतो त्यांच्यात रेघ. आणि वाट म्हणजे रंग. रेघेच्या दोन्ही टोकांना एकच रंग येता कामा नये. सगळा नकाशा कोणाच्याच हाती नसताना हे साधायचे कसे? येथे गेम थिअरी, म्हणजे डावांचे शास्त्र, कामास येते. नियम साधा : आपल्या शेजाऱ्यांत जो रंग सर्वांत कमी, तो घ्यावा, लाभ असेल तरच बदलावे, आणि पाळीपाळीने बदलावे. अशा प्रत्येक बदलागणिक एकूण भांडणे निदान एकाने घटतात, म्हणून खेळ केव्हातरी थांबतोच. सगळ्यांनी एकदम उड्या मारल्या, तर मात्र भांडण जसेच्या तसे राहू शकते. एकट्याने बदलून कोणाचाच फायदा नाही, अशा या थांबलेल्या स्थितीला, जॉन नॅश यांच्या 1950 च्या मांडणीवरून, नॅशचा समतोल म्हणतात.

प्रत्येकाच्या शेजाऱ्यांपेक्षा रंग एकाने जरी जास्त असले, तरी एखादा रंग मोकळा सापडतोच आणि समतोलात भांडण उरत नाही. पण रंग कमी पडले तर? हिंगोलीतल्या एखाद्या चौकाभोवती चार दुकाने आहेत, असे समजा. प्रत्येकाला फक्त दोन बाजूंचे शेजारी ऐकू येतात, आणि 11 ही वाट बाहेरच्या गोंगाटाने अडलेली आहे. दुकानांनी क्रमाने 1, 1, 6, 6 अशा वाटा धरल्या. प्रत्येकाचे एका शेजाऱ्याशी भांडण. वाट बदलावी, तर ते दुसऱ्याशी जुंपते. सगळे जागच्या जागी अडकले! दुसऱ्या आणि तिसऱ्या दुकानाने मात्र आपसांत अदलाबदल केली, की 1, 6, 1, 6 होते आणि चौघेही मोकळे होतात.

म्हणजे वरवरची शांतता ही चांगली वाटणी असतेच, असे नाही. एकेकट्याच्या हिशेबात जी वाट सापडत नाही, ती दोघांनी मिळून पाऊल उचलल्यास सापडते. पेट्यांचे नियम आखणाऱ्याने शेजाऱ्यांना एकमेकांशी बोलण्याची सोय ठेवली पाहिजे. आणि हे केवळ पेट्यांपुरतेच खरे आहे काय, याचा विचार आपण घरी जाताना करावा.